धाकटी किती वेळ गप्प राहते

म्हातारा राजा आणि त्याच्या तीन मुली, हे जुनं विलायती नाटक बहुतेकांना निदान गोष्टीपुरतं माहीत असतं. राजा राज्य वाटायला बसतो आणि मुलींना विचारतो, तुमचं माझ्यावर किती प्रेम आहे ते सांगा. थोरली साखर पेरते, मधली तिच्यावर कडी करते. धाकटीला असं तोंडावर बोलता येत नाही. ती आधी गप्प राहते, मग जे थोडंसं बोलते त्यानं बाप भडकतो, आणि तिथून पुढे सगळ्यांचंच वाटोळं होतं. आपल्याकडे मिठाइतकं प्रेम करणाऱ्या राजकन्येची गोष्ट आहे, पण तिचा शेवट गोड होतो. याचा होत नाही.

या नाटकावरून काढलेले चार सिनेमे मी पाहिले आहेत. चारही पूर्ण पाहिले असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटणीचा तो एक प्रवेश मात्र मी प्रत्येकात पुन्हा पुन्हा पाहिला. मला बघायचं असे ते एवढंच, की बापानं विचारल्यावर धाकटी किती वेळ गप्प राहते आणि तेवढ्या वेळात ती कुठे बघते. यात रसिकता वगैरे काही नव्हती. मला एका गोष्टीचा निकाल हवा होता, आणि तो देऊ शकणारी एकमेव व्यक्ती माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून रोज जेवत होती. तिला विचारायचा धीर नव्हता म्हणून मी सिनेमे बघत होतो.

मी खडकीला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो. दिवसभर सुट्या भागांची चित्रं काढायची आणि मापात केसाइतकीही चूक होऊ द्यायची नाही, असं काम. कारखान्यातल्या हौशी मंडळींचा एक नाट्यसंघ होता. मला अभिनय येत नाही हे पहिल्याच तालमीत सगळ्यांच्या लक्षात आलं, माझ्याही. पण नाटक सोडवेना, म्हणून मी प्रॉम्प्टर झालो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात लहानशी बॅटरी, आणि कुणी अडलं की हळू आवाजात पुढचा शब्द द्यायचा. लोकांना हे हलकं काम वाटतं. माझ्या मते अख्खं नाटक दोघांनाच पाठ असतं, लिहिणाऱ्याला आणि प्रॉम्प्टरला, आणि त्यातला लिहिणारा प्रयोगाच्या वेळी बाहेर चहा पीत असतो.

संघाचा एक नियम होता. मंडळी पाळीवरून सुटून तालमीला यायची, त्यामुळे पाठांतर कच्चंच असायचं. रंगमंचावर कुणी थांबला तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे विंगेतून कळायला काही मार्ग नसे. दिग्दर्शकांनी त्यावर खूण ठरवून दिली होती. अडलात की स्वतःच्या पायांकडे बघायचं. पायांकडे नजर गेली की प्रॉम्प्टरनं पहिला शब्द द्यायचा, तेवढ्यानं गाडी सुरू झाली नाही तर सबंध वाक्य. अर्थातच एरवी, कितीही दुःखाचा प्रसंग असो, कुणीही पायांकडे बघायचं नाही. एका वर्षी परीक्षकांनी शेरा दिला होता की या संघाचे कलाकार रंगमंचावर मान ताठ ठेवून वावरतात. आम्ही त्याबद्दल पेढे वाटले होते.

माझी बायको संघात आली ती माझ्यामुळे. कारखान्यात नाटकात काम करणाऱ्या बायका फारशा मिळत नसत, म्हणून घरच्या चालायच्या. ती विश्रांतवाडीच्या एका शाळेत मराठी शिकवायची. आधी दोन वर्षं तिनं किरकोळ कामं केली. तिसऱ्या वर्षी आमच्यातल्याच एकानं त्या विलायती नाटकाचं मराठी रूप केलं. राजाचा सरदार झाला, राज्याची बारा गावांची जहागीर झाली, आणि धाकटीचं काम बायकोकडे आलं. सरदार झाले होते आमचे ओतशाळेचे फोरमन. त्यांचा आवाज भट्टीच्या वर ऐकू जायचा, तर थिएटरात काय सांगावं. बापाच्या प्रश्नावर धाकटीनं थोडं थांबायचं आणि म्हणायचं, "माझ्यापाशी शब्द नाहीत, आबासाहेब." तालमीत ती आबासाहेबांच्या डोळ्यांत बघून थांबायची आणि वाक्य म्हणायची. दिग्दर्शक म्हणायचे, "छान आहे. पण अजून काहीतरी हवंय. शोधा."

प्रयोग स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत होता. परदेशी गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या आणि घरोघर केबलची तार आली, त्याच्या जरा आधीचे ते दिवस. थिएटर निम्मं भरलं होतं. कारखान्यातली माणसं बायकापोरांसह, पुढे तीन परीक्षक, आणि चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर शहरातल्या एका प्रायोगिक संस्थेचे दिग्दर्शक. ते खास बायकोचं काम बघायला आले होते. त्यांच्या पुढच्या नाटकातली मोठी भूमिका अजून कुणाला दिलेली नव्हती. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. "जमलं तर शाळेतून वर्षभर रजा घेईन," असंही म्हणाली होती. तिला काहीतरी इतकं उघडपणे हवं असलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रवेश सुरू झाला. थोरली बोलली, मधली बोलली. आबासाहेबांनी धाकटीला विचारलं. ती थांबली. पण त्या दिवशी तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिची नजर खाली गेली, पायांकडे. मी दोन श्वास थांबलो. नजर वर येईना. मी म्हणालो, "माझ्यापाशी." काहीच झालं नाही. आणखी एक श्वास गेला. मग मी सबंध वाक्य दिलं, आणि वर पंखे घरघरत होते म्हणून जरा मोठ्यानं दिलं.

ते सातव्या रांगेपर्यंत गेलं असं नंतर कळलं. ओठ घट्ट मिटून उभी असलेली मुलगी, आणि तिच्यापाशी शब्द नाहीत अशी विंगेतून पुरुषी आवाजात घोषणा. आधी कुणीतरी एकटंच फिसकन हसलं, मग सगळं थिएटर हसलं. परीक्षकही हसले. मग तिनं वाक्य म्हटलं, नीट म्हटलं, पण तोवर ते वाक्य विनोदी झालं होतं, त्यामुळे पुन्हा हशा. पुढचे दोन्ही अंक धाकटी रंगमंचावर आली की लोक विंगेकडे बघत होते. मध्यंतरानंतर चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती.

रंगपटात आमचे दिग्दर्शक माझ्यावर तुटून पडले. "अहो, पॉज घेतला होता तिनं! आपल्या संघात जन्मात पहिल्यांदा कुणी पॉज घेतला आणि तुम्ही तो बुजवलात!" मी म्हणालो, खूण झाली होती. ते म्हणाले, "खुणा तुमच्या-माझ्यासाठी असतात. ती नटी आहे." फोरमन दाढी उतरवता उतरवता म्हणाले, "ड्रॉइंग ऑफिसवाले. कोरी जागा दिसली की रेघ मारणारच." सगळे हसले. बायको केसांतल्या पिना काढत होती. तिनं आरशातच बघत म्हटलं, "जाऊ दे आता. झालं ते झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी विचारलं, "तू पायांकडे बघितलंस ना?" ती म्हणाली, "शाळेला उशीर होतोय." मी पुन्हा विचारलं नाही. त्या प्रायोगिक संस्थेकडून काही निरोप आला नाही. पुढच्या वर्षी तिनं नाटकाला नाही म्हणून सांगितलं, वह्या तपासायच्या असतात म्हणाली. मला संघानं पडद्याच्या दोरीवर नेमलं. त्यात बोलावं लागत नाही.

माझी अडचण अशी होती. ती विसरली असेल तर मी माझं काम चोख केलं होतं, आणि पंख्यांचा दोष माझा नव्हता. पण ती विसरली नसेल, दिग्दर्शक शोधा म्हणाले ते तिला ऐन प्रयोगात सापडलं असेल, बापासमोर मान खाली घालून उभी राहणारी मुलगी तिला दिसली असेल, तर मी तिचा घास तोंडातून काढून घेतला होता. विसरली असती तर "माझ्यापाशी" हा शब्द मिळताच तिनं पुढचं वाक्य उचललं असतं. तिनं उचललं नाही. हा पुरावा माझ्या विरुद्ध होता आणि तो मला सारखा टोचायचा. अपराधी वाटणं म्हणजे काय हे मला तोवर ऐकून माहीत होतं.

पहिला सिनेमा मी शहरातल्या एका फिल्म क्लबात पाहिला. कृष्णधवल, कुठल्यातरी बर्फाच्या देशातला. त्यातला राजा तबेल्यात घोड्याला खरारा करता करता राज्य वाटतो. थोरल्या दोघी नाकाला पदर लावल्यासारख्या दूर उभ्या राहून बोलतात, धाकटी घोड्याच्या तोंडाशी उभी असते. ती सात श्वास गप्प राहते. मी मोजले. सातही श्वास ती बापाकडे बघते, आणि खराऱ्याचा आवाज चालू राहतो. मग तो थांबतो, आणि राजाला काय झालं ते कळतं. सिनेमा संपल्यावर बाहेर चहा पिताना लोक छायाप्रकाशाबद्दल बोलत होते. मी खिशातल्या वहीत लिहिलं: सात, नजर समोर. ज्यांना थांबायचं असतं ते समोर बघतात. मला त्या दिवशी जरा बरं वाटलं.

दुसरा कॅसेटवर मिळाला. खडकी बाजारात एका मुसलमान गृहस्थांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं. लोक सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं वापरायला लागल्यावर त्यांनी निम्म्या दुकानात व्हिडिओ कॅसेट ठेवल्या. त्यांच्याकडे विलायतेत टीव्हीसाठी काढलेला या नाटकाचा एक सिनेमा होता, लष्करातले कुणी अधिकारी मागे ठेवून गेलेले. त्यातले सगळे जण अगदी स्वच्छ बोलतात. धाकटी तर श्वासही न घेता उत्तर देते, टपाल आल्यावर सही करून द्यावी तशी. मला वाटलं माझ्या नजरेतून काहीतरी सुटलंय, म्हणून मी तो तुकडा मागे-पुढे करून बघत राहिलो. अखेर त्या जागी पडद्यावर आडव्या रेघा यायला लागल्या. कॅसेट परत करताना दुकानदार म्हणाले, "साहब, लोग पिक्चर देखते. आप एकीच जगा घिसते." मी ती कॅसेट विकत मागितली. त्यांनी तशीच देऊन टाकली, म्हणाले, आता दुसऱ्या कुणाला देण्यासारखी राहिली नाही.

तिसरा हिंदी. हा एका रविवारी दुपारी केबलवर अचानक लागला. बाप साखर कारखान्याचा मालक, मुलींच्या जागी तीन सुना, आणि वाटणी होते ती वाढदिवसाच्या केकसमोर. धाकटी सून गप्प राहते तेव्हा कॅमेरा तिच्यावर जातो, मग सासऱ्यावर, मग भिंतीवरच्या सासूच्या तसबिरीवर, आणि हे सगळं तीनदा होतं, व्हायोलिनसकट. मी मोजायला लागलो होतो. चौथ्या श्वासाला जाहिराती लागल्या. कपडे धुण्याची पावडर, मग शीतपेय, मग मोटारसायकल. सिनेमा परत लागला तोवर सून बोलून मोकळी झाली होती आणि सासरा छातीला हात लावून बसला होता. बायको शेजारी वह्या तपासत होती. ती हसली आणि म्हणाली, "हिला बरं झालं. कुणी मध्ये बोललं नाही, जाहिरातच लागली." प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण ती लगेच पुढच्या वहीकडे वळली.

चौथा बऱ्याच वर्षांनी पाहिला. तोवर मी कारखान्यातून निवृत्त झालो होतो, आम्ही क्वार्टर सोडून विश्रांतवाडीच्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो होतो, आणि नाटकाच्या वेळी तीन वर्षांची असलेली आमची मुलगी येरवड्याच्या पलीकडे काचेच्या एका इमारतीत सॉफ्टवेअरचं काम करत होती. माझ्या या नादाचं खरं कारण तिला माहीत नव्हतं. बाबांना ते नाटक आवडतं, एवढंच. तिनं तो सिनेमा कुठून तरी मिळवला आणि लॅपटॉपवर लावून दिला. त्यात राज्य नाही, कंपनी आहे. बाप मीटिंग रूममध्ये बसून कंपनी वाटतो. थोरल्या दोघी समोर बसलेल्या, धाकटी दुसऱ्या देशातून व्हिडिओ कॉलवर. तिला विचारल्यावर ती थांबते आणि खाली बघते. स्वतःच्या हातांकडे. बापाला वाटतं लाइन गेली. तो विचारतो, ऐकू येतंय का? कुणीतरी वायर हलवून बघतं, दुसरा कुणी पुन्हा कॉल लावू का म्हणतो. आणि ती तिथेच असते, मान खाली घालून, सगळं ऐकत.

मुलगी हसत म्हणाली, "बाबा, आमच्याकडे रोज होतं हे. समोरचा विचार करत असतो आणि आपण यू आर ऑन म्यूट, यू आर ऑन म्यूट म्हणून ओरडत असतो."

मला हसू आलं नाही. वीस वर्षं मी ज्याचा शोध घेत होतो ते सापडलं होतं. थांबायचं असणारी माणसंही खाली बघतात. आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्याला ते बिघाड झाल्यासारखं दिसतं. निकाल लागला होता आणि तो माझ्या विरुद्ध होता. खरं सांगायचं तर त्यात मला एक समाधानही होतं. मी गुन्हेगार ठरलो होतो, पण त्याचा अर्थ माझी बायको फार मोठी नटी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून मी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत असली तरी.

सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये महिन्यातून एका रविवारी सकाळी काहीतरी कार्यक्रम असतो. मुलीनं माझं नाव दिलं. एकच प्रवेश, चार सिनेमे, तुकडे दाखवायचे आणि बोलायचं. हात दाखवून अवलक्षण, पण मी हो म्हणालो. भाषण लिहून काढलं. शेवटी कबुली होती. एका नटीचा पॉज मी बुजवला, ती नटी इथेच बसली आहे, आणि आज सगळ्यांसमोर तिची माफी मागतो.

आदल्या दिवशी दुपारी मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी संपवल्यावर तिनं निवडलेली पानं एका बाजूला केली.

"शेवटचा भाग काढा," ती म्हणाली.

"का? खरं आहे ते."

"खरं नाहीये. मी विसरले होते."

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हणालो, "पण पहिला शब्द दिला तेव्हा तू..."

"ऐकला मी. माझ्यापाशी. पण माझ्यापाशी काय, ते आठवेना. सगळं कोरं झालं होतं. चौथ्या रांगेत ते बसलेले दिसले आणि गेलं सगळं. म्हणून तर पायांकडे बघितलं. खूण केली मी तुम्हाला. तुम्ही दिलंत वाक्य, बरोबर दिलंत."

"मग त्या वेळी का नाही बोललीस?"

ती मेथीची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "ते सगळे पॉज पॉज म्हणायला लागले. मला बरं वाटलं. सगळे तुमच्यावर हसत होते, माझ्यावर नाही. मी हसू दिलं त्यांना. नंतर म्हटलं उद्या सांगू, परवा सांगू. मग फारच उशीर झाला."

"आणि नाटक का सोडलंस?"

"परत तसंच झालं असतं तर? त्यांच्या संस्थेत विंगेत तुम्ही नसतात."

वीस वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं उतरलं म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी बरोबर होतो हे मला मुळीच नको होतं. माझ्या घरात एक मोठी नटी राहत होती, माझ्यामुळे वाया गेलेली, आणि तिच्याशी मी गेला महिनाभर मनातल्या मनात संसार केला होता. ती त्या दुपारी नाहीशी झाली. समोर एक निवृत्त शिक्षिका मेथी निवडत होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. मी भाषणाचं शेवटचं पान काढून टाकलं.

रविवारी क्लब हाउसमध्ये तीस-चाळीस माणसं होती. निम्मी मुलीच्या वयाची. बायको ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. आमचे फोरमनही आले होते, पलीकडच्याच इमारतीत राहतात. मी तुकडे दाखवले, खरारा, आडव्या रेघा, केक, व्हिडिओ कॉल. लोक योग्य जागी हसले. मी आभार मानून खाली बसणार तोच फोरमन मागून ओरडले, आवाज अजून तसाच, "अहो, पाचवा राहिला! यांनी एकदा विंगेतून आमचं आख्खं नाटक पाडलंय, ते सांगा की मंडळींना!"

सांगा सांगा झालं. मी टाळलं तर त्यांनीच सांगून टाकलं, नकलांसकट. खोली हसून लोळली. मुलीला हे सगळं नवीन होतं. ती लॅपटॉपशेजारून उठून उभी राहिली, आणि जे कुणी कधी विचारलं नव्हतं ते तिनं सरळ सगळ्यांदेखत विचारलं. "पण आई, तू खरंच विसरली होतीस का?"

हसणं थांबलं. सगळे बायकोकडे बघायला लागले. तिनं मांडीवरची पर्स शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि ती उठायला लागली. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, या पोरांसमोर, या फोरमनसमोर, स्वतःच्या लेकीसमोर हिनं कशाला स्वतःचं हसं करून घ्यायचं? मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "नाही. ती विसरली नव्हती. ती थांबली होती. आणि मी एका फार चांगल्या नटीचं वाटोळं केलं."

टाळ्या पडल्या. खूप वेळ पडत होत्या. बायको अर्धवट उठलेली होती ती परत खाली बसली. मग लोक तिच्याभोवती जमले. आयटीतल्या दोन मुली तिच्यासोबत फोटो काढून घेत होत्या. फोरमन तिला म्हणाले, "मी तर तेव्हाच म्हणत होतो, वहिनी." तिनं सगळ्यांना नमस्कार केला. लिफ्टमध्येही शेजारचे आमच्याबरोबर होते, काकू, तुम्ही सोडायला नको होतं, असं म्हणत. ती हसत होती. मला वाटलं, मी तिला एवढं तरी देऊ शकलो.

घरात येऊन दार लावल्यावर ती उभीच राहिली.

"मी उठत होते," ती म्हणाली. "बघितलंत ना तुम्ही?"

"हो."

"मग?"

"अगं, चारचौघांत कशाला..."

"चारचौघांतच सांगायचं होतं मला. तुमच्यावर हसले ते चारचौघांतच हसले ना? काल तुम्हाला सांगितलं तेव्हाच ठरवलं होतं, उद्या संधी मिळाली तर उठायचं. म्हणून पुढे बसले. पोरीनं विचारलं तेव्हा मला वाटलं, आलं आता. सगळं आठवत होतं मला. एकूणएक शब्द." तिचा आवाज चढला नाही. "आता मी खरं सांगितलं तर तुम्ही खोटे ठरणार. आणि नाही सांगितलं तर मला रोज खोटं जगायचं. आधी निदान मी गप्प होते. गप्प राहणं वेगळं होतं."

मी तिला सोडवायला गेलो आणि बाहेरून कडी घालून आलो.

तेवढ्यात मुलगी लॅपटॉपची बॅग घेऊन वर आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. तिनं आईला मिठीच मारली. "आई, तू एवढी भारी होतीस आणि मला कधीच सांगितलं नाहीस! मग परत का नाही केलंस गं नाटक?"

बायकोनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"यांच्यामुळे," ती म्हणाली, आणि भात टाकायला आत गेली.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोललो नाही.